लाल दोऱ्याची कोंबडी

वाचक बहिणीचं पत्र :

"डॉक्टर दादा, नमस्कार. मी जिंतूर तालुक्यातली. दोन वर्षांपूर्वी बचत गटातून कोंबड्या सुरू केल्या. आज लहान-मोठ्या मिळून साठेक आहेत, बहुतेक गावरान आणि पंधरा संकरित वनराजा. दर साली उन्हाळ्याच्या तोंडावर मर येते. मागच्या फाल्गुनात आठ दिवसांत पंचवीस गेल्या. दुकानदार पाण्यात टाकायची पावडर देतो, ती मी दर आठवड्याला टाकते. अंड्याचे निम्मे पैसे त्यातच जातात. आता मोबाइलवर एकाचा व्हिडिओ पाहिला. औषध बंद करा, लस पण नको, लसीनं रोग उलट बळावतो. मरणाऱ्या मरू द्या, उरतील त्यांचीच पैदास करा, तीन वर्षांत औषधाचं नाव काढावं लागणार नाही, असं तो सांगतो. सासूबाई पण म्हणतात, आमच्या वेळी कुठं होती औषधं. त्यांची एक काळी कोंबडी आहे, दोन्ही मरींतून वाचली, आणि तिची पिल्लं सहसा मरत नाहीत. मी सगळंच बंद करू का?"

ताई,

तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट तुम्ही शेवटी, सहज लिहून गेलात. ती काळी कोंबडी. तिच्याकडे मीही शेवटीच येतो.

तुम्ही सरळ विचारलंय, म्हणून सरळ सांगतो. दर आठवड्याची पावडर आजच बंद करा. लस बंद करू नका. आणि निवडून पैदास करायची कल्पना चांगली आहे, ती जरूर धरा, फक्त व्हिडिओवाला सांगतो तशी नको.

आधी पावडरीचं. पुडीवर काय लिहिलंय ते घरातल्या शिकलेल्या मुलाकडून वाचून घ्या. जीवनसत्त्वं असतील तर नुकसान नाही, पण दर आठवड्याला गरजही नाही. बहुतेक वेळा मात्र त्यात एन्रोफ्लोक्सासिन किंवा ऑक्सिटेट्रासायक्लिनसारखं प्रतिजैविक असतं. तुम्ही जिला मर म्हणता ती तिच्या वेळेवरून आणि झपाट्यावरून मानमोडी वाटते, म्हणजे राणीखेत. तो विषाणूचा रोग आहे आणि प्रतिजैविकाचा विषाणूवर काडीचाही परिणाम होत नाही. उलट थोडं थोडं औषध सतत पोटात गेलं की आतले जिवाणू त्याला सरावतात, आणि खरंच गरज पडते त्या दिवशी ते औषध चालत नाही. शिवाय त्याचा अंश अंड्यात उतरतो, आणि तीच अंडी तुमची लेकरं खातात. माणसाच्या गंभीर आजारांत शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवलेलं कोलिस्टिन हे औषध कोंबड्यांना सर्रास दिलं जात होतं. अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत त्याच्या वापरावर केंद्र सरकारनं २०१९ साली बंदी घातली, ती याच भीतीपोटी.

आता 'मरणाऱ्या मरू द्या' याविषयी. हा रोग जगानं ओळखला १९२६ साली, इंग्लंडात न्यूकॅसलला आणि तिकडे जावा बेटावर. त्यानंतर लगेचच आपल्याकडे कुमाऊंतल्या राणीखेतला तो दिसला, म्हणून आपण त्याला राणीखेत म्हणतो. म्हणजे शंभर वर्षं होत आली. एवढी वर्षं मराठवाड्यातल्या गावागावांत लोकांनी दुसरं काय केलं? मर आली, कोंबड्या गेल्या, उरल्या त्या उरल्या. सासूबाईंच्या वेळी औषध नव्हतं हे खरंच आहे. त्यांना एकदा विचारा, मर आल्यावर खुराडं किती वेळा रिकामं व्हायचं आणि पुन्हा कोंबड्या कुठून आणायच्या? नुसतं मरू देऊन जात कणखर होत असती तर आज आपल्या गावरान कोंबडीला मानमोडी शिवलीही नसती.

तसं का झालं नाही, याची दोन कारणं मला गावोगावी फिरताना दिसली. एक म्हणजे तीव्र मानमोडी आली की लस नसलेल्या दहातल्या नऊ जातात. मग घरात वंश असा उरतच नाही. बाजारातून नव्या येतात, आणि सगळं पहिल्यापासून.

दुसरं कारण आपल्याच हातचं आहे. आठवडी बाजारात कोणता कोंबडा विकला जातो, आठवून पाहा. जो लवकर वाढला, ज्याचा तुरा लालभडक, हातात घेतला की भारी लागतो, कधी आजारी पडला नाही, तोच. त्याला भाव येतो. आखाडात, कंदुरीला, पाहुणा आला की पहिला तोच जातो. मागं राहतो तो किरकोळ, दोनदा आजारी पडून उठलेला, कोणी घेतला नाही म्हणून उरलेला. आणि पुढच्या सगळ्या पिल्लांचा बाप तोच होतो. निवड आपण दर साली करतोच आहोत ताई, फक्त उलटी. तुमच्या खुराड्यात एकच गोष्ट बदलायची ठरवली तर ही बदला. सगळ्यात चांगले दोन-तीन कोंबडे विकायचे नाहीत, कितीही भाव आला तरी.

आपल्या लोकांना हे नवं नाही. उदगीरकडचा देवणी, कंधारकडचा लाल कंधारी, या जाती वळू राखूनच टिकल्या. उस्मानाबादी शेळी जुळी देते म्हणून नावाजली, कारण बोकड कोणत्या शेळीच्या पोटचा आहे हे पाळणारा पाहायचा. कोंबडीच्या बाबतीत तेवढं कोणी पाहिलं नाही. ती बायकांची, परसातली, वरखर्चाची, म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष झालं. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पैदाशीतून रोगाला तोंड देण्याची ताकद वाढते का? वाढते. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात हट या शास्त्रज्ञानं १९३५ पासून लेगहॉर्न कोंबड्यांवर हे काम केलं. पुढे तिथंच कोल यांनी १९६८ साली दाखवलं की काही थोड्या पिढ्यांत मरेक रोगाला सहसा न बधणारं एक घराणं आणि लगेच बळी पडणारं दुसरं, अशी दोन घराणी एकाच कळपातून वेगळी काढता येतात. मरेक म्हणजे ज्यात तलंगांचे, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्यांचे, पाय लुळे पडतात, एक पुढे आणि एक मागे ताणला जातो, तो. पण त्यांनी नुसतं मरू दिलं नव्हतं. कोणतं पिल्लू कोणत्या आईचं, कोणत्या बापाचं, कोणत्या आईची किती गेली, हे सगळं लिहून ठेवलं होतं. कोंबडी जगते-मरते यात आईबापाच्या रक्ताचा वाटा थोडा असतो. बाकीचा वाटा पाण्याचा, जागेचा, दाण्याचा आणि नशिबाचा. म्हणून एकेकटी कोंबडी पाहून फसगत होते. एक वाचली तर ती कदाचित त्या दिवशी गोठ्यात दडून बसली होती, एवढंच असेल. पण एका आईच्या दहांपैकी आठ जगली आणि दुसरीच्या दहांपैकी तीन, तर तो सहसा नुसता योगायोग नसतो.

व्हिडिओवाला लसीबद्दल सांगतो त्यात एक खरा धागा आहे, तो मी लपवत नाही. २०१५ साली अँड्र्यू रीड हे शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मरेकवर प्रयोग प्रसिद्ध केले. मरेकची लस कोंबडीला मरू देत नाही, पण विषाणू अंगात राहतो आणि बाहेरही पडत राहतो. एरवी अतिजहाल विषाणू कोंबडीला झटकन मारतो आणि पसरण्याआधी तिच्याबरोबर संपतो. लस दिलेली जगते, आणि तो जहाल विषाणू इतरांपर्यंत पोचवते. प्रयोग खरा आहे. पण त्यातून अर्थ असा निघतो की लस दिलेल्या पक्ष्यांजवळ लस न दिलेला पक्षी जास्त धोक्यात असतो. म्हणजे लस सगळ्यांना एकदम द्यायची. लस सोडून द्या, असं त्यातून कुठंही निघत नाही. आणि मानमोडीच्या फाल्गुनात बिनलसीची कोंबडी ठेवणं म्हणजे निवड नव्हे, चिठ्ठी टाकणं आहे.

लस आणि औषध या दोन गोष्टी मनात वेगळ्या ठेवा. औषध कोंबडीच्या ऐवजी लढतं. लस कोंबडीलाच लढायला शिकवते, आणि ते शिकणंही प्रत्येकीचं सारखं नसतं. चांगल्या घराण्याची लवकर शिकते. त्यामुळे लस दिली म्हणून निवड थांबत नाही. रक्ती हगवण, जंत, सर्दी, आपलं बेचाळीस-त्रेचाळीसचं ऊन, हे सगळं निवड करायला पुरून उरतं.

पिल्लू आठवड्याचं झालं की मानमोडीच्या लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात, चार आठवड्यांनी पुन्हा, आणि सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान मानमोडीचीच आर-टू-बी लस टोचून. देवीची लस कधी द्यायची आणि मोठ्यांना पुन्हा कधी, ते तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात ठरवून घ्या. अडचण कुठं येते ते मला माहीत आहे. कुपी शंभर पक्ष्यांची किंवा त्याहून मोठी, आणि तुमच्याकडे पिल्लं बारा. उघडलेली कुपी दोन तासांत संपवावी लागते, उद्यासाठी ठेवता येत नाही. म्हणून लसीचा एक दिवस अख्ख्या गटाचा धरा. एक जण सकाळी लवकर थर्मासमध्ये बर्फ घालून लस घेऊन येईल, आणि ऊन चढायच्या आत घरोघरी थेंब टाकून होतील. पिशवीत घालून एसटीच्या खिडकीशी उन्हात आणलेली लस म्हणजे नुसतं पाणी. अशी 'लस देऊनही मेल्या' प्रकरणं मी कितीतरी पाहिलीत. चूक लसीची नव्हती, वाटेतल्या उन्हाची होती.

आता आजारी कोंबडीचं. व्हिडिओवाला म्हणतो, तिला मरू द्या. मी म्हणतो, डॉक्टरांना विचारून जरूर औषध द्या. तडफडणारा जीव बघत बसायची गरज नाही आणि तुमचे पैसेही बुडायला नकोत. फक्त ज्या दिवशी तिला औषध दिलं त्या दिवशी तिच्या पायात लाल दोरा बांधा. तिची अंडी औषधाचे दिवस संपल्यावर, डॉक्टर सांगतील तितके दिवस सोडून, खा, विका. बरी झाली की अशीच मुदत पाळून तीही विका. पण लाल दोऱ्याच्या कोंबडीचं अंडं खुडूक कोंबडीखाली ठेवायचं नाही, आणि लाल दोऱ्याचा कोंबडा कळपात ठेवायचा नाही. एवढा एक नियम पाळला की औषध आणि पैदास या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत. पाय वाढतो तसा दोरा रुततो, म्हणून महिन्याला सैल करा.

दोऱ्याबरोबर एक वही. प्रत्येक आईच्या पिल्लांना वेगळ्या रंगाचा दोरा, हिरवा, पिवळा, निळा, फक्त लाल सोडून. किती अंडी बसवली, किती फुटली, दोन महिन्यांनी किती उरली, त्यातली घारीनं-मांजरानं किती नेली आणि आजारानं किती गेली. घारीनं नेलेलं आजारात धरू नका.

कोंबडा निदान एक उन्हाळा आणि एक पावसाळा बिनऔषधाचा काढलेला असावा. कोंबडी दोन वर्षं पुरी केलेली असली तर उत्तम. आठ-दहा कोंबड्यांना एक कोंबडा पुरतो. पण एकच कोंबडा वर्षानुवर्षं ठेवला तर तो आपल्याच लेकी-नातींवर जातो, अंडी फुटेनाशी होतात, पिल्लं मरतुकडी निघतात, आणि आपण रोगाला दोष देतो. यावर तुमचा बचत गट हाच इलाज आहे. तीन घरं ठरवा. प्रत्येक घरी आठ-दहा निवडक कोंबड्या. तलंगा आईच्याच घरी राहतील. नवे कोंबडे मात्र दर साली एक घर पुढे जातील, पहिल्याचे दुसऱ्याकडे, दुसऱ्याचे तिसऱ्याकडे, तिसऱ्याचे पहिल्याकडे. बाहेरून काही न आणता रक्त फिरतं राहतं.

गावात मोकळ्या फिरणाऱ्या कोंबडीवर शेजारचा कोणता कोंबडा गेला हे कळत नाही, हे खरं. म्हणून अंडी बसवायच्या आधी निवडक कोंबड्या आणि कोंबडा जाळीत वेगळे ठेवा. आधीच्या कोंबड्याचं बीज कोंबडीच्या पोटात दोन-तीन आठवडे टिकतं. तेव्हा पहिल्या तीन आठवड्यांची अंडी खायला-विकायला, त्यानंतरची बसवायला. वर्षातून दोनदा एवढं केलं तरी भागतं.

वनराजाचं अंडं मात्र बसवू नका. ती हैदराबादच्या सरकारी कुक्कुट संशोधन संचालनालयानं तयार केलेली संकरित कोंबडी. अंडी गावरानपेक्षा जास्त देते, त्यासाठी जरूर पाळा. पण तिची पुढची पिढी तिच्यासारखी एकसारखी निघत नाही आणि ती स्वतः खुडूकही सहसा बसत नाही.

वाचलेली प्रत्येक कोंबडी कणखर असते असंही नाही, आणि इथं मोठी चूक होते. जुनाट सर्दीची कोंबडी बरी दिसते, पण रोग तिच्या अंगात मुक्कामाला राहतो आणि अंड्यातून पिल्लात उतरतो. पिल्लांची पांढरी हगवणही अशीच आईकडून येते. ओळखायचं कसं? रात्री जेवणं झाली की टॉर्च न लावता खुराड्यापाशी दोन मिनिटं उभ्या राहा. सगळ्या गप्प असतात तेव्हा एखादीचा श्वास घरघरतो, मधूनच शिंकल्यासारखा बारीक आवाज येतो. कोणत्या कोपऱ्यातून येतो ते धरा, सकाळी तिला लाल दोरा. दिवसा कलकलाटात हे कधीच ऐकू येत नाही.

दाण्याचंही बघा. पावसात भिजून बुरशी आलेला मका किंवा शेंगदाण्याची पेंड माणसाला नको म्हणून कोंबड्यांपुढे टाकतात. त्या बुरशीचं विष रोगाशी लढायची ताकदच मारतं. मग चांगल्या घराण्याचीही पडते, आणि तुमची वही खोटं बोलू लागते. कच्चं सोयाबीनही घालू नका, भाजलेलं चालतं. आणि पिल्लांच्या खालचं भुसकट कोरडं ठेवा. रक्ती हगवणीचे जंतू ओलीत फोफावतात. कोरड्यात ते थोडेच पोटात जातात आणि त्यानंच पिल्लू रोगाशी लढायला तयार होतं.

माझी एक चूक सांगतो. नोकरीच्या सुरुवातीची गोष्ट. एका बाजारात एक असील कोंबडा दिसला, मान ताठ, डोळा मोत्यासारखा. घरच्या कळपात चांगलं रक्त येईल म्हणून घेतला आणि त्याच संध्याकाळी आईच्या खुराड्यात सोडला. सहाव्या दिवशी पहिली कोंबडी हिरवं हगली. दहाव्या दिवशी एकीची मान पाठीकडे वळली, आणि एकतिसांतल्या सव्वीस गेल्या. मेलेली एक मीच फाडून पाहिली. जठराच्या आतल्या अंगाला टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके, ओळीनं. पुस्तकात पाहिलेलं चित्र आईच्या कोंबडीच्या पोटात दिसलं. आई काही बोलली नाही, डालं धुऊन उन्हात पालथं घातलं. तेव्हापासून बाहेरचा पक्षी तीन आठवडे वेगळ्या जागी ठेवल्याशिवाय मी कळपात घालत नाही. तुम्हीही घालू नका. आणि मेलेली उकिरड्यावर टाकू नका, कुत्र्यांनी ओढत नेली की रोग गावभर होतो. खोल खड्डा आणि वरून चुना.

निवडीचा विचारही मनात आणायचा नाही असा एकच प्रसंग आहे. एका दिवसात धडाधड पक्षी मेले, तुरे निळे-काळे पडले, गावात कावळेही मरून पडू लागले, तर कोण वाचतंय ते बघत बसू नका. जानेवारी २०२१ मध्ये आपल्याच परभणी जिल्ह्यात मुरुंब्याला आठशेच्या आसपास कोंबड्या अशा मेल्या आणि तो बर्ड फ्लू निघाला. तो माणसालाही होऊ शकतो. उघड्या हातानं मेलेल्या पक्ष्याला शिवू नका, लगेच दवाखान्यात कळवा.

तीन वर्षांत औषधाचं नाव निघणार नाही, असं वचन मी देणार नाही. कोंबडीची एक पिढी साधारण वर्षाची. चार-पाच पिढ्या वही नीट ठेवली तर पिल्लांची मर कमी होताना तुम्हाला तुमच्याच आकड्यांत दिसेल. पावडरीचे पैसे मात्र पहिल्याच महिन्यापासून वाचतील.

आता सासूबाईंची काळी कोंबडी. पहिल्या मरीतून वाचलेलीला दुसऱ्या मरीत आधीच बळ आलेलं असतं, म्हणून ती दोनदा वाचली याला मी फार महत्त्व देत नाही. आईकडून बलकातून मिळालेलं बळही पिल्लाला पहिले दोन-तीन आठवडेच पुरतं, म्हणून लहान पिल्लं वाचली हेही पुरेसं नाही. सासूबाईंना एवढं विचारा : तिची दोन-तीन महिन्यांची झालेली तलंगा-कोंबडे मरीत वाचले का? त्यांना नक्की आठवत असेल, अशा गोष्टी त्या पिढीला तोंडपाठ असतात. उत्तर हो असेल, आणि रात्री तिची छाती घरघरत नसेल, तर तुमच्या वहीचं पहिलं पान तिचं. जाळीत चांगल्या कोंबड्याजवळ ठेवून तीन आठवडे जाऊ द्या. पुढच्या अंड्यांवर पेन्सिलीनं तारीख घाला, निमुळतं टोक खाली करून माठाजवळच्या गार कोपऱ्यात ठेवा, आठवड्याच्या वर ठेवू नका. दुसरी एखादी खुडूक कोंबडी असेल तर तिच्याखाली दहा-बारा बसवा, म्हणजे काळी पुन्हा लवकर अंड्यावर येईल. ऐन चैत्र-वैशाखात बसवू नका, उन्हानं अंडी वाया जातात. मृग पडून हवा गार झाली की बसवा, एकविसाव्या दिवशी फुटतील. आणि त्या पिल्लांना कोणत्या रंगाचा दोरा बांधायचा ते सासूबाईंनाच ठरवू द्या.